अडीच हजार वस्तीचं गाव, दहा हजारांचा पट

ओहायोकाठ

'पेनसिल्व्हेनियात शिफ्ट होतोय, चार्टर शाळा बऱ्या का?' असं इथे अधूनमधून कुणीतरी विचारतंच. (चार्टर म्हणजे सरकारी पैशावर, पण नेहमीच्या सरकारी व्यवस्थेबाहेर स्वतंत्रपणे चालणारी शाळा.) उत्तरंही ठरलेली. एकाची मुलगी फार छान शिकली, दुसऱ्याच्या शेजाऱ्याचा मुलगा वाया गेला. मी बीव्हर काउंटीत राहतो. आमच्या काउंटीत मिडलंड नावाचं गाव आहे आणि चार्टर शाळांबद्दल जे काही बरंवाईट बोललं जातं, ते जवळपास सगळं या एका गावात होऊन गेलंय. म्हणून हा धागा.

मिडलंड पिट्सबर्गच्या वायव्येला, ओहायो नदीच्या काठावर आहे. वस्ती अडीच हजारांच्या आतबाहेर. पलीकडच्या तीरावर शिपिंगपोर्टच्या अणुवीज केंद्राचे धुरांड्यांसारखे टॉवर दिसतात. गाव जगलं ते क्रूसिबल स्टीलच्या कारखान्यावर. १९८२ मध्ये कारखाना बंद पडला, कराचं उत्पन्न आटलं आणि काही वर्षांतच गावचं लिंकन हायस्कूलही बंद झालं. या हायस्कूलच्या बास्केटबॉल संघाने १९६५ मध्ये एकही सामना न हरता राज्याचं विजेतेपद घेतलं होतं. त्यातला नॉर्म व्हॅन लिअर पुढे शिकागो बुल्सकडून खेळला. तेव्हा शाळा गेली म्हणजे गावाचं काय गेलं ते समजून घ्या.

आठवीपर्यंतची शाळा राहिली, पण पुढच्या मुलांचं काय? शेजारच्या डिस्ट्रिक्टांत (म्हणजे स्थानिक करावर आपापल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या विभागांत) कायमची सोय होईना. शेवटी ही मुलं राज्याची हद्द ओलांडून ओहायोतल्या ईस्ट लिव्हरपूलच्या हायस्कूलला जायला लागली. म्हणजे कर पेनसिल्व्हेनियात आणि शाळा ओहायोत.

२००० साली मिडलंडच्या शाळांचे तेव्हाचे सुपरिंटेंडंट (प्रमुख अधिकारी) निक ट्रॉम्बेटा यांनी ऑनलाइन चार्टर शाळा काढली. गावातल्या मुलांची अडचण दूर व्हावी हे निमित्त. पण ऑनलाइन शाळेला वेस कुठली? राज्यभरातून नावं यायला लागली आणि दहा-बारा वर्षांत पट दहा हजारांच्या वर गेला. हीच आजची पीए सायबर. २००६ मध्ये गावातच कलाशिक्षणाची दुसरी चार्टर शाळा उभी राहिली, लिंकन पार्क. तिच्याबरोबर चकचकीत नाट्यगृहही आलं. ज्या गावात किराणा घ्यायलाही बाहेर जावं लागावं, तिथे संध्याकाळी संगीतिका बघायला काउंटीभरातून गाड्या येतात!

आता प्रश्न. आमच्याकडे कुठल्याही बैठकीत चार्टरवाले पहिल्यांदा पटाचा आकडा पुढे करतात. 'एवढे पालक येतात, ते काय वेडे आहेत?' मला हा युक्तिवाद पटत नाही. पट वाढला याचा अर्थ आधीच्या जागी काहीतरी बिघडलंय. नव्या जागी काही नीट चाललंय का, हे त्यातून कळत नाही. तुमचं काय म्हणणं?

बाराखडी

लेख छान. पण तुम्ही ट्रॉम्बेटासाहेबांची गोष्ट अर्ध्यावरच सोडलीत की! २०१२ मध्ये एफबीआयने कार्यालयांवर छापे घातले, २०१३ मध्ये आरोपपत्र. सरकारी वकिलांचं म्हणणं असं, की शाळेचे सुमारे ८० लाख डॉलर्स साहेबांनी स्वतःशी संबंधित संस्था-कंपन्यांकडे वळवले. विमान, फ्लोरिडात घर वगैरे. शेवटी २०१६ मध्ये करचुकवेगिरीच्या कटाची कबुली दिली आणि २०१८ मध्ये २० महिन्यांची शिक्षा झाली.

म्हणजे शाळा ट्रस्टची, वह्या-पुस्तकं पुरवणारी कंपनी मेव्हण्याची आणि इमारत भाड्याची. आमच्या तालुक्यात याला 'शिक्षणमहर्षी' म्हणतात.

ओहायोकाठ

@बाराखडी, अर्ध्यावर सोडली नाही, मुद्दाम बाजूला ठेवली. ट्रॉम्बेटा गेला तरी शाळा चालूच राहिली, पटही फारसा हलला नाही. चोरी झाली ती एका माणसाची गोष्ट. मला जे खुपतं ते पूर्णपणे कायदेशीर आहे.

पैशाचं गणित असं. १९९७ च्या कायद्यानुसार मूल चार्टरला गेलं की ते ज्या डिस्ट्रिक्टमध्ये राहतं, त्या डिस्ट्रिक्टने चार्टरला माणशी पैसे द्यायचे. दर कसा ठरतो? शाळेला शिकवायला काय खर्च येतो यावरून नाही. डिस्ट्रिक्ट स्वतः एका मुलामागे किती खर्च करतं यावरून (काही बाबी वजा करून). त्यामुळे एकाच ऑनलाइन वर्गात, एकाच शिक्षिकेसमोर बसलेल्या दोन मुलांपैकी एकामागे शाळेला दहा हजार डॉलर्स मिळतात आणि दुसऱ्यामागे वीस हजारांच्या वर. वर्गांची इमारत नाही, बस नाही, जेवणघर नाही, तरी दर वर्षानुवर्षं तोच होता.

राज्य सरकार पूर्वी डिस्ट्रिक्टांना या खर्चाचा काही भाग परत द्यायचं. २०११ मध्ये तेही बंद केलं.

वर्गशिक्षिका_पीए

मी इथल्याच एका छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये चौथीला शिकवते. नाव सांगत नाही. माझ्या बाजूने हे कसं दिसतं ते लिहिते.

समजा आमच्या शाळेतून एका वर्षात वीस मुलं सायबरला गेली. सगळी एका वर्गातून जात नाहीत. पहिलीतून दोन, तिसरीतून एक, सातवीतून तीन अशी जातात. मग कुठली शिक्षिका कमी करणार? वर्गात २३ च्या जागी २२ मुलं बसतात, बस त्याच रस्त्याने त्याच वेळी फिरते, बॉयलर तेवढाच गॅस खातो. खर्च कमी होत नाही आणि वर तीनेक लाख डॉलर्सचा चेक फाडावा लागतो. मग डिस्ट्रिक्टचं बोर्ड घरपट्टी वाढवतं, नाहीतर संगीत आणि ग्रंथपाल कमी करतं. संगीत गेलं की पुढच्या वर्षी आणखी पाच मुलं जातात. मोठं शहर हे पचवतं. हजार-बाराशे मुलांच्या डिस्ट्रिक्टला ते झेपत नाही.

स्पेशल एज्युकेशनचा (विशेष मदत लागणाऱ्या मुलांचा) दर तर आणखी वेगळा, कितीतरी जास्त. तो काढताना प्रत्येक डिस्ट्रिक्टमधली १६ टक्के मुलं या गटात आहेत असं धरायची पद्धत वर्षानुवर्षं होती, प्रत्यक्षात कितीही असोत. मुलाला आठवड्यातून अर्धा तास स्पीच थेरपी लागो किंवा दिवसभर सोबत मदतनीस लागो, चार्टरला रक्कम सारखीच. मग चार्टरला कुठली मुलं परवडतात ते तुम्हीच बघा.

आणि हो, मुलं परत येतात. जानेवारीत येतात, मार्चमध्ये येतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने सप्टेंबर ते जानेवारी लॉगिन केलं होतं, पण अपूर्णांक कशाशी खातात ते त्याला माहीत नव्हतं. एप्रिलमध्ये तो पीएसएसएला (राज्याच्या वार्षिक परीक्षेला) आमच्याच शाळेतून बसला.

कोकिळा_एस

ताई, तुमचं सगळं मान्य, पण आमच्यासारख्यांचंही ऐका.

माझ्या मुलाला दम्याचा त्रास आहे. सहावीत वर्षातले बरेच दिवस बुडायचे. डिस्ट्रिक्टच्या शाळेकडून मला काय यायचं? गैरहजेरीच्या नोटिसा. डॉक्टरांचं पत्र दिलं तरी पुढच्या महिन्यात पुन्हा नोटीस. वर बसमध्ये दोन मुलं त्याचा इन्हेलर हिसकावून खेळायची. शाळेने 'आम्ही लक्ष घालतो' असं म्हटलं आणि विषय संपला.

सायबर शाळेत घातलं तेव्हा घरी लॅपटॉप आला, प्रिंटर आला, पुस्तकांचं खोकं आलं, विज्ञानाच्या प्रयोगाचं सामान आलं. तो नेब्युलायझर लावून इतिहासाच्या तासाला बसायचा. एक बाई आठवड्यातून एकदा फोन करून 'तू कसा आहेस?' असं त्याला विचारायची, मला नाही. दोन वर्षांनी प्रकृती सुधारली, तो परत साध्या शाळेत गेला, आता अकरावीत आहे.

पण मी घरी होते, हेही सांगते. रोज सकाळी साडेआठला मी त्याच्या शेजारी चहा घेऊन बसायचे आणि दुपारी दोनपर्यंत त्याच खोलीत असायचे. नोकरी करत असते तर जमलं नसतं. म्हणून 'पट वाढला म्हणजे काहीतरी बिघडलंय' हे ओहायोकाठ यांचं वाक्य मला पटतं. बिघडलं होतंच. पण बिघडलेलं दुरुस्त होईपर्यंत माझ्या मुलाने वाट बघायची का?

सांख्यिक

किस्से दोन्ही बाजूंना आहेत, जरा आकडे बघू.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या संशोधन गटाने चार्टर शाळांचे तीन मोठे देशव्यापी अभ्यास केले: २००९, २०१३ आणि २०२३. २००९ मध्ये निकाल चार्टरच्या विरोधात होता. गणितात १७ टक्के चार्टर शाळा जवळच्या सरकारी शाळांपेक्षा सरस, ३७ टक्के मागे, बाकीच्या सारख्याच. २०२३ पर्यंत चित्र पालटलं. चार्टरमधल्या मुलांची प्रगती वाचनात वर्षाला १६ दिवसांच्या शिक्षणाएवढी जास्त, गणितात ६ दिवसांएवढी. चार्टरवाल्या संघटना हे दोन आकडे सगळीकडे छापतात.

पण त्याच २०२३ च्या अहवालात ऑनलाइन चार्टर शाळा वेगळ्या काढल्यात. तिथे वाचनात ५८ दिवसांचा तोटा, गणितात १२४ दिवसांचा. शाळेचं वर्ष १८० दिवसांचं असतं हे लक्षात घेऊन वाचा.

आणि 'दिवस' हे एकक जरा बेतानेच घ्या. ते मोजलेले दिवस नाहीत. गुणांमधल्या फरकाचं दिवसांत केलेलं रूपांतर आहे. वाचनातले ते १६ दिवस म्हणजे प्रमाण विचलनाच्या (मुलांचे गुण किती पसरलेत याच्या मापाच्या) ०.०३ पेक्षाही कमी. वर्गात बसून पाहिलं तर दिसणारही नाही एवढा फरक. १२४ दिवसांचा मात्र दिसतो.

तेव्हा 'चार्टर चांगली की वाईट' हा प्रश्नच फार ढोबळ आहे. १९९२ मध्ये मिनेसोटात सेंट पॉलला देशातली पहिली चार्टर शाळा उघडली, ती इतर शाळांनी टाकून दिलेल्या मुलांसाठी होती. ती आणि दहा हजारांची ऑनलाइन शाळा, दोन्ही एकाच नावाखाली मोजायच्या म्हणजे पंचाईत.

आबामास्तर

मी नांदेड जिल्ह्यातला निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक. अमेरिकेची शाळा पाहिलेली नाही. पण पट या विषयावर हयात गेली, म्हणून लिहितो.

आमच्याकडे पटावर संचमान्यता, संचमान्यतेवर शिक्षक, आणि अनुदानित संस्थेत शिक्षकांवर बाकी सगळं. त्यामुळे पट फुगवायचा मोह पहिल्यापासून. आमच्या जिल्ह्यात श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना एकाच वेळी सगळ्या शाळांत जाऊन मुलं मोजली. ऑक्टोबर २०११ मध्ये मग राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली होती. माझ्या वर्गातली पोरं तर घरी जाऊन 'आम्ही मतदान केलं' म्हणून सांगत होती. राज्यात जवळपास वीस लाख नावं फक्त कागदावर निघाली. १४०४ शाळांत हजेरी पन्नास टक्क्यांच्याही खाली.

माझा प्रश्न साधा आहे. वर्गात बाकं असली की मोजता येतं. तुमच्या त्या सायबर शाळेत मूल हजर आहे हे ठरवतं कोण? लॉगिन आईने केलं की मुलाने?

ओहायोकाठ

@आबामास्तर, नमस्कार. तुम्ही बरोबर नस पकडलीत. इथे नावं खोटी नसतात, मूल खरंच अस्तित्वात असतं. पण ते शिकतंय की नाही हे बराच काळ कुणी बघत नव्हतं. २०२४ मध्ये कुठे कायद्यात आलं, की सायबर शाळेने आठवड्यातून निदान एकदा प्रत्येक मूल डोळ्यांनी बघावं आणि त्याच्याशी त्याच वेळी बोलावं. म्हणजे मिडलंडची सायबर शाळा निघाल्यावर चोवीस वर्षांनी.

परीक्षेचं सांगतो. पीएसएसए घरी बसून देता येत नाही. म्हणून सायबर शाळा जागोजागी हॉटेलांचे हॉल भाड्याने घेतात, पालक मुलांना तिथे घेऊन जातात. खालच्या मजल्यावर लग्नाची चौकशी चाललेली आणि वर सहावीचं गणित. बरेच पालक नेतच नाहीत. त्यामुळे निकाल लागतो तो आलेल्या मुलांचा.

बाराखडी

@आबामास्तर, मास्तर, वेबकॅमवर बोटाची शाई दाखवायला सांगा, झालं काम!

न्यूजर्सीकर

मी या चर्चेत जरा स्वार्थी प्रश्न घेऊन आलोय. आम्ही उन्हाळ्यात पिट्सबर्गच्या उत्तरेला येतोय, क्रॅनबेरीत घर बघतोय. मुलगी सातवीत जाईल, भरतनाट्यम करते, नाटकाचं वेड आहे. लिंकन पार्कचं नाव दोघांनी सुचवलं. वरची चर्चा वाचून घाबरलो. तीही त्यातलीच का?

ओहायोकाठ

नाही, ती वेगळी. इमारत आहे, बाकं आहेत, आबामास्तरांना मोजता येतील अशी मुलं आहेत. सातवी ते बारावी. नृत्य, नाटक, संगीत, लेखन, माध्यमं असे विभाग. अर्धा दिवस नेहमीचे विषय आणि बाकी कला, अशी साधारण रचना. मुलं अनेक डिस्ट्रिक्टांतून येतात. माझ्या ओळखीतल्या ज्या मुलांना रंगमंचाची खरी भूक होती, त्यांचं तिथे भलं झालं.

गंमत म्हणजे या कलाशाळेच्या बास्केटबॉल संघानेही राज्य विजेतेपदं आणली. नाव जुनंच, लेपर्ड्स. गावातल्या म्हाताऱ्यांना नाटकाचं सोयरसुतक नसेल, पण सामन्याला हजर. ज्या गावचं हायस्कूल गेलं त्याला त्याचा संघ तरी परत मिळाला. मी कितीही आकडे मांडले तरी त्या माणसांसमोर 'चार्टरने तुमचं नुकसान केलं' असं म्हणायची माझी हिंमत नाही. शाळांच्या कार्यालयांतल्या नोकऱ्याही आहेत. कारखाना गेल्यानंतर गावात पगार देणारं दुसरं होतं कोण?

नुकसान झालं ते दुसरीकडे. दोनशे मैलांवरच्या कुठल्यातरी डोंगराळ डिस्ट्रिक्टमध्ये, जिथल्या घरपट्टीतून मिडलंडच्या इमारतींना पैसा आला. तिथल्या लोकांनी मिडलंड नकाशावरही पाहिलेलं नसेल.

सांख्यिक

याला जोड देतो. राज्याच्या ऑडिटर जनरलने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच सायबर शाळांचा अहवाल दिला, पीए सायबरही त्यात आहे. २०२० ते २०२३ या काळात पाचांची मिळून शिल्लक २५.४ कोटींवरून ६१.९ कोटी डॉलर्सवर गेली. कोविडमध्ये राज्यातला सायबरचा पट साधारण ३८ हजारांवरून ६० हजारांवर गेला, त्याचा हा परिणाम. अहवालात 'बेकायदा' असं काही म्हटलेलं नाही, दर ठरवायचं सूत्रच जुनं आहे असं म्हटलंय. ऑडिटर स्वतः रिपब्लिकन, म्हणजे एरवी चार्टरची बाजू घेणाऱ्या पक्षाचा आहे. म्हणजे हा नेहमीचा पक्षीय वाद म्हणूनही उडवून लावता येत नाही.

कोकिळा_एस

६१.९ कोटी शिल्लक, आणि माझ्या मुलाच्या गणिताच्या बाईंकडे किती मुलं होती माहितीये? त्या स्वतःच म्हणाल्या होत्या, की सगळ्यांचे चेहरे लक्षात ठेवणं शक्य नाही. आता राग येतोय. शाळेबद्दलची कृतज्ञता तशीच आहे, पण राग येतोय.

आबामास्तर

अनुदान माणशी दिलं की माणसं गोळा करणारे निघतात. आमच्याकडे खोटी नावं निघाली, तुमच्याकडे खरी नावं आणि रिकामे तास.

एक उलट बाजूही सांगतो. २०२३ मध्ये आमच्या राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांवर शाळा होत्या. त्या एकत्र करून समूह शाळा करायची योजना त्याच वर्षी पुढे आली. तोरणमाळ आणि पानशेतची उदाहरणं देत होते. कागदावर खर्च वाचतो. पण वाडीतली शाळा बंद झाली की पहिल्यांदा मुलींचं जाणं थांबतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ओहायोला जाणाऱ्या त्या मिडलंडच्या मुलांची गोष्ट वाचताना तेच आठवलं. कमी पट म्हणजे वाईट शाळा असं समजू नका. माझी सगळ्यात हुशार तुकडी अकरा पोरांची होती.

न्यूजर्सीकर

सगळ्यांचे आभार. शाळा बघायला गेलो तर नेमकं काय विचारू? 'परफॉर्मन्स' विचारला की एक रंगीत पत्रक हातात देतात.

वर्गशिक्षिका_पीए

पत्रक घ्या आणि पिशवीत टाका. मग विचारा: ऑक्टोबरमध्ये पट किती होता आणि त्यातली किती मुलं जूनला होती? गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले? सर्टिफिकेट असलेले शिक्षक किती? (कायद्याने चार्टरमध्ये ७५ टक्के पुरतात, आमच्याकडे सगळ्यांना लागतं.) नववीला आलेल्यांपैकी किती जण तिथूनच बारावी झाले? आल्जिब्राच्या कीस्टोन (राज्याच्या हायस्कूल) परीक्षेला किती बसले, फक्त पास किती ते नको. पाच वर्षांचा करार पुन्हा कधी नूतनीकरणाला येतोय तेही विचारा.

चांगल्या शाळेत हे आकडे मुख्याध्यापकांना तोंडपाठ असतात. 'ईमेल करतो' म्हणाले तर वाट बघू नका. आणि मुलीला एक दिवस वर्गात बसू द्या म्हणा. भरतनाट्यमचं कुणी कौतुक करतं की 'ते बॉलीवूड का?' असं विचारतं, ते तीच तुम्हाला सांगेल.

न्यूजर्सीकर

हे छापून घेतलं. शेवटचं एक. क्रॅनबेरीहून बस मिळते का? इथे कुणीतरी म्हणालं की डिस्ट्रिक्टला द्यावीच लागते.

ओहायोकाठ

द्यावी लागते, पण चार्टर शाळा डिस्ट्रिक्टच्या हद्दीपासून दहा मैलांच्या आत असेल तरच. क्रॅनबेरी सेनेका व्हॅलीत येतं आणि त्यांच्या हद्दीपासून मिडलंड त्याहून बरंच लांब आहे. तेव्हा डिस्ट्रिक्टची बस धरू नका. शाळेची स्वतःची काही सोय आहे का, कारपूल करणारे कुणी आहेत का, ते शाळेलाच विचारा. नाहीतर रोज सकाळी तुम्हीच ड्रायव्हर. जानेवारीत नदीकाठच्या रस्त्यावर बर्फ असतो, तेव्हा घर घेण्याआधी एकदा सकाळी सातच्या सुमाराला गाडी चालवून बघा. त्यानंतरही मुलीला तीच शाळा हवी असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, बीव्हरच्या बाजूला घर बघायला मी मदत करतो. इकडे घरं स्वस्त आहेत, घरपट्टी मात्र आधी विचारून घ्या.